देवक्काच्या हातचं

"परसाकडं साफ झालं काय?" हा प्रश्न मी नोकरीत जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. जोयडा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून मी सगळी नोकरी काढली. माहेर खानापूरकडचं, पण आता माहेरी गेले तरी लोक 'जोयड्याची नर्स आली' म्हणतात. इथे मला सिस्टरक्का म्हणायचे. सिस्टर म्हणजे बहीण आणि अक्का म्हणजेही बहीणच, तेव्हा मी दुप्पट बहीण झाले. तरी सख्ख्या बहिणीला जे कोणी सांगणार नाही, तेच मला ऐकून घ्यावं लागायचं.

बाहेरच्यांना आमचं काम नीट ठाऊक नसतं. त्यांना वाटतं नर्स म्हणजे पांढरे कपडे आणि डॉक्टरच्या मागे उभी. उपकेंद्रात डॉक्टर नसतोच. दोन खोल्या, एक टेबल, लसींचा डबा आणि मी. एका वाडीत चार घरं, दुसरीत सहा, मधे जंगल. बस सकाळी एक जाणार, संध्याकाळी तीच परत येणार, आली तर. बाकी सगळं पायी. गरोदर बायका, लहान पोरं, ताप आणि पोट एवढ्यांवर आमचं राज्य. रिपोर्ट कानडीत लिहायचा. 'होट्टे नोवु' म्हणजे पोटदुखी. हे दोन शब्द लिहिले की वरच्या साहेबांचं समाधान. पोट का दुखलं, कुणाच्या घरात दुखलं, हे खालच्यांनी बघायचं.

या धंद्यात सरळ मनाचं माणूस टिकत नाही. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या खेपेला विचारायचं, "घेतलीस काय गोळ्या?" ती मान हलवून सांगणार, "व्हय, रोज घेतली की." मग मी बाळाबद्दल चार गोष्टी बोलून सहज विचारायची, "परसाकडं रंग कसा हाय?" लोहाच्या गोळ्यांनी रंग काळपट होतो. "रंग कसला, रोजच्यासारखा," असं उत्तर आलं की मी उठून घरामागे चक्कर मारायची. एकीच्या केळीच्या बुंध्यात मला दोन महिन्यांच्या गोळ्या सापडल्या. केळ मात्र जोरात होती. अशी दोन-चार घबाडं हाताला लागली की नर्सला आपण पोलिसात असल्यासारखं वाटू लागतं. मलाही तसं वाटायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात मजा यायची.

त्या मजेपायी मी एकदा एका वसतिगृहातल्या पोरीला रडवलं. नववीतली असेल. पोट फुगलेलं, तीन दिवस शौचाला नाही, सकाळी उलटी. तिच्या बाई तिला हाताला धरून घेऊन आल्या आणि डोळ्यांनीच मला 'समजलं ना?' असं विचारलं. मला समजलं होतं. म्हणजे बाईंना जे समजलं तेच मलाही समजलं. मी दार लावून पोरीला जे काही प्रश्न विचारले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. तपासणीत काही निघालं नाही, तर तपासणीवरच माझा संशय. तिसऱ्या दिवशी पोरीची पाळी आली, पोट मोकळं झालं, उलटी थांबली. मी मनात म्हटलं, चला, वाचली. आपण चुकलो असं काही माझ्या मनात आलं नाही. पुढच्या महिन्यात तिचं तसंच झालं, तेव्हा तिनं कुणाला सांगितलंच नाही. ते मला फार उशिरा कळलं.

आता मंजुळेची गोष्ट सांगते. ती सांगायचीच म्हणून हे लिहायला बसले.

कुंभारवाड्याच्या पलीकडे, बसच्या रस्त्यापासून तासाभराच्या चालीवर एक वाडी आहे. तिथल्या नारायणाचं लग्न झालं आणि मंजुळा त्या घरात आली. अणशीकडची पोर, बावीस-तेवीसची, हाडापेरानं चांगली. नारायण भाताची शेती करायचा आणि जंगलात रोजंदारीवर जायचा. घरात तिसरं माणूस एकच, त्याच्या थोरल्या भावाची विधवा बायको, देवक्का. मूलबाळ नव्हतं तिला. नारायण सात-आठ वर्षांचा होता तेव्हा ती सून म्हणून त्या घरात आली. त्याची आई आधीच गेलेली. भाऊही पुढे गेला. म्हणजे नारायणाला भरवून मोठं केलं ते देवक्कानं. फार बोलायची नाही. जंगलातल्या मुळ्या, कंद, पाला तिला पाठ.

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत नारायण मंजुळेला घेऊन उपकेंद्रात आला. पोरीला जुलाब, पोटात मुरडा, तोंडाला चव नाही. मी मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी दिली, पाणी उकळून प्या म्हणाले, विहिरीत टाकायला पावडर दिली. दोन दिवसांत ती बरी झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी हात धुण्यावर भाषण दिलं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा. आता मी माझी डायरी काढली. तारखा बघितल्या. मग मंजुळेला आत घेऊन विचारलं, "अडचण कवा आली हुती?" अडचण म्हणजे पाळी. तिनं सांगितलेले दिवस आणि माझ्या डायरीतले दिवस तंतोतंत जुळले. दर महिन्याला त्याच तीन-चार दिवसांत तिचं पोट बिघडत होतं. घरात इतर कोणाचं नाही, फक्त तिचं.

इथपर्यंत मी बरोबर होते. पुढची चूक समजायला त्या घरची रीत समजायला हवी. बाई बाहेरची झाली की पडवीच्या टोकाला बसते. चार दिवस चुलीला, पाण्याच्या भांड्यांना हात नाही. ताट वेगळं, तांब्या वेगळा. घरातली दुसरी बाई रांधते आणि तिला वरून वाढते. एरवी महिनाभर त्या घरात मंजुळाच रांधायची. नारायण, देवक्का आणि ती, तिघं एकाच भांड्यातलं जेवायची. ह्या चार दिवसांत मात्र चूल देवक्काकडे. मंजुळेचं ताट वेगळं, आणि ते भरणारा हात देवक्काचा.

झालं. माझ्या पोलिसी डोक्याला आणखी काय पाहिजे? सव्वीस दिवस आपल्या हातचं खाऊन धडधाकट असलेली पोर चार दिवस जावेच्या हातचं खाते आणि अंथरूण धरते. कारणही मी मनातल्या मनात तयार केलं. इतकी वर्षं घर देवक्काच्या हातात होतं, आता नवी बाई आली. उद्या तिला मूल झालं की हिला कोण विचारतो? मी काही उघड बोलले नाही. पण माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण मंजुळेनं विचारलं, "सिस्टरक्का, पोटात कायतरी गेलंय काय माझ्या?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघूया."

बघायला मी त्या घरी गेले, तेव्हा तिच्या पुढच्या पाळीला आठ-दहा दिवस होते. मंजुळेची आई लेकीला भेटायला अणशीहून आलेली होती. मला अंगणातच गाठून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीला ती कायतरी चारालीया. आमच्या गावातबी समदी तेच म्हणालीत." मी तिला गप्प केलं, पण तिचं ऐकून मला आधारच वाटला. दोघींचा संशय एकच निघाला की तो पुरावा वाटतो.

लेकीला आईजवळ बसू द्यावं म्हणून त्या दिवशी चुलीपुढे देवक्का होती. मी पाणी मागायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीच्या वरच्या फळीवर नजर टाकली. फडक्याची एक पुडी होती. आत कुटलेलं काहीतरी, तपकिरी, तंतूतंतूंचं.

"ह्ये काय गं देवक्का?"

"औषद."

"कुणाचं?"

"मंजुळंचं. पोट फुगतंय न्हवं तिचं. काढा करून देतो."

"कसलं औषद?"

"रानातलं," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

खुनी माणूस असं सरळ सांगत नाही, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. उलट मला वाटलं, बघा, किती निगरगट्ट. मी पुडी पिशवीत टाकली. तपासायला नेते म्हणाले. देवक्कानं भाकरी तव्यावर टाकली. बाहेर पडवीत नारायण उभा होता, मंजुळा होती, तिची आई होती. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी ते वाक्य बोलले.

"मंजुळे, पुढच्या खेपेला देवक्काच्या हातचं काही खाऊ नकोस. मग बघू."

मला वाटलं मी फार जपून बोलले. नुसती एक चाचणी सुचवली. डॉक्टरही असंच करतात की, एकेक पदार्थ बंद करून बघतात. पण मी डॉक्टर नव्हते आणि देवक्का पदार्थ नव्हती. सरकारी बाईनं घरात येऊन पुडी जप्त केली आणि हिच्या हातचं खाऊ नका म्हणून सांगितलं. वाडीवर याचा अर्थ एकच होतो. संध्याकाळची बस मिळेपर्यंत तो शेवटच्या घरापर्यंत पोचलाही होता.

चार दिवसांनी नारायण उपकेंद्राच्या दारात आला. मान खाली. म्हणाला, "वैनीला खोपीत वेगळी चूल घालून दिलिया." खोप म्हणजे घरामागचं गवताचं छप्पर, जिथे ते अवजारं ठेवायचे. "ह्या खेपेला सासूबाई येऊन रांधणार. पोट बरं ऱ्हायलं तर मग वैनीला बाजारकुणंगला तिच्या भावाकडं सोडून येणार. तुमीच सांगितलासा म्हणून बरं झालं सिस्टरक्का, न्हाईतर आमाला कवा कळलं असतं?"

बाजारकुणंगच्या तिच्या भावाचं घर मला माहीत होतं. बायको, सून, नातवंडं, एकच खोली. तिथे देवक्काला कोण ठेवून घेणार होतं? आणि ठेवलं तरी 'जावेला विष घालून आलेली' म्हणून ठेवणार. नारायण हे सगळं जाणून होता. बोलताना त्यानं दोन वेळा डोळे पुसले. तरी त्याला माझं म्हणणं खरं वाटत होतं, कारण ते माझं होतं. पण तोवरही देवक्का निर्दोष आहे अशी माझी खात्री नव्हती. मला वाटलं, जरा जास्तच झालं, पण पोर तर वाचेल.

त्याच आठवड्यात जोयड्याला आमची मासिक बैठक होती. तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. बैठक संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं, पुडी पुढे केली आणि आवाज खाली आणून सगळं सांगितलं. त्यांनी चिमूटभर घेऊन हुंगलं, तळहातावर पसरलं, एक पीळ पडलेला तुकडा उचलून धरला.

"सिस्टर, ही मुरडशेंग आहे. बाळगुटीत उगाळतात ती. पोटाच्या मुरड्यावर देतात."

मुरडशेंग! माझ्या स्वतःच्या मुलाला ती मी सहाणेवर उगाळून चाटवली होती. कुटलेली म्हणून ओळखली नाही असं मी त्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. मला ती ओळखायचीच नव्हती.

मग त्यांनी मला समजावलं, आणि मी तुम्हालाही सांगते, कारण हा दिवाळी अंक घरातल्या बायका-मुली वाचतात आणि हे कुणी सांगत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बाईच्या शरीरात एक रस वाढलेला असतो. त्यानं आतडं सुस्तावतं. पोट फुगतं, जड वाटतं, शौचाला साफ होत नाही. पाळी यायची वेळ झाली की तो रस उतरतो. आणि गर्भाशयानं आकसून आतलं अस्तर बाहेर टाकावं म्हणून त्या अस्तरातूनच दुसरा एक रस सुटतो. गर्भाशय आणि आतडं अगदी शेजारी. भिंतीला भिंत लागलेल्या घरात ढोल वाजला की पलीकडच्यांचीही झोप मोडते, तसा तो रस आतड्यालाही हलवतो. मग मुरडा येतो, पातळ होतं, कुणाला मळमळतं. एक-दोन दिवसांत आपोआप थांबतं. अनेकींना होतं, कुणाला कमी, कुणाला जास्त. हलकं खावं, पाणी पीत राहावं, ओटीपोट शेकावं. ताप आला, शौचात रक्त दिसलं, वजन उतरत चाललं, किंवा दर महिन्याला कळ उठून कामच बंद पडायला लागलं, तर मात्र 'बायकांचं असंच असतं' म्हणून बसू नये, दवाखाना गाठावा.

मी ऐकत होते आणि कान तापत होते. कारण हे सगळं मला स्वतःला व्हायचं! पाळी होती तोवर दर महिन्याला. आधी चार दिवस पोट दगड, मग एक दिवस पळापळ. मी कधी बैठकीतल्या उपम्याला दोष दिला, कधी रामनगरच्या खाणावळीला. एका लग्नातल्या आचाऱ्याची तर मी तक्रार करणार होते. पाळीचे दिवस दुसऱ्या हजार बायकांचे लिहून ठेवले, स्वतःचे कधी पोटाशेजारी मांडून बघितले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी एवढंच विचारलं, "त्या मुलीचं पोट बाहेर बसल्यावर बिघडतं, की त्याच्या आधी?"

मी डायरी उघडली. त्यात तारखा होत्या, जुलाब किती वेळा ते होतं, कुणी रांधलं तेही होतं. हे मात्र नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं.

मंजुळेचा दिवस मी मोजून ठेवला होता. त्या दिवशी सकाळच्या बसनं उतरले आणि वाडीपर्यंत जवळजवळ पळत गेले. मनात एकच भीती, नेमकं ह्याच महिन्यात तिचं पोट शहाण्यासारखं वागलं तर? तसंही होतं, सगळे महिने सारखे नसतात. तसं झालं असतं तर माझं कुणी ऐकलं नसतं, आणि ती बाई त्याच दिवशी गाठोडं बांधून बाजारकुणंगच्या वाटेला लागली असती. दुसऱ्याच्या पोरीचं पोट बिघडलेलं असू दे म्हणून नवस बोलणारी नर्स मीच पहिली असेन.

पोट बिघडलं होतं. मंजुळा पडवीच्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मला हायसं वाटलं आणि लगेच लाज वाटली. पण तिच्या आईचं तोंड सुरूच होतं.

"बगा बाई! तांदूळ माज्या घरचा. पाणी म्या स्वता आणलं. हातबी तिनं लावला न्हाई. तरी पोट गेलंच. म्हंजे ती खोपीत बसून कायतरी करालीया. आता तिला ह्या घराच्या सावलीतबी ठेवायची न्हाई. आजच घालवा!"

नारायण हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. संशयाचं असं असतं बघा. पोट बरं राहिलं असतं तर देवक्का दोषी, आणि बिघडलं तरी देवक्काच दोषी. आईला तरी काय बोलू? इतके दिवस माझंही डोकं असंच चाललं होतं.

मी मंजुळेशेजारी जाऊन बसले. विटाळाच्या जागेत सरकारी बाई बसली म्हणून तिची आई दोन पावलं मागे सरकली.

"मंजुळे, एक सांग. आदी पोट बिघडतंय, का आदी अडचण येतीया?"

आधी दिवस की आधी रात्र असं मी विचारल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं. "आदी पोट की. पाटं उठलं की पोट गुरगुरतंय, दोनदा जाऊन यायचं, आणि न्याहारीपावतर अडचण येतीया. त्यावरनंच तर मला कळतंय, आज बाहेर बसायचं म्हणून. चुलीपासनं आदीच उठायचं."

"म्हणजे पोट बिघडतंय तवा आदल्या रात्रीचं जेवण कुणी केलेलं असतंय?"

"म्याच."

नारायण पडवीच्या खांबाला हात लावून उभा राहिला.

"आणि लगीन व्हायच्या आदी? अणशीला?"

"तितंबी तसंच. आई म्हणायची, थंडीनं झालं."

आईनं पदर तोंडाला लावला. अणशीला त्या दिवसांत ताट वाढणारा हात तिचा स्वतःचा होता.

"अगं, मग ह्ये मला आदी का सांगितलं न्हाईस?" मी चिडूनच विचारलं. चिडायचा मला काय हक्क होता कोण जाणे.

"तुमी इचारलासा काय?" मंजुळा म्हणाली. "तुमी इचारलं, कुणी वाडलं. म्या सांगितलं, देवक्कानं."

मग मी रस, आतडं, शेजारची भिंत, सगळं समजावून सांगितलं. मुरडशेंगेचंही सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, शेजारच्या घरातली माणसं कुंपणाशी येऊन उभी होती त्यांना ऐकू जावं म्हणून. चूक माझी होती हेही सांगितलं. तेवढं मात्र मी जरा हळू सांगितलं, हे कबूल करते. नारायण घरामागे गेला आणि खोपीच्या दारात उभा राहून "वैनी, घरात ये" म्हणाला. दोनदा म्हणाला. मग ती आली.

देवक्का त्या घरातच राहिली. आजही आहे. मंजुळेला आता एक मुलगी आहे. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, त्या घरात आता कोणी बाहेर बसत नाही. पाळी असो नसो, मंजुळा आपलं आपण रांधते, आपलं ताट आपण वाढून घेते. आसपासच्या दोन वाड्यांत जे कुणाला जमलं नाही ते त्या घरात झालं. माझ्या निरोपसमारंभात एका साहेबांनी ते मुद्दाम सांगितलं. सिस्टरनी केलेली जागृती, असं म्हणाले. टाळ्या वाजल्या. मी नारळ आणि शाल घेऊन उभी होते. उठून खरं सांगायचं धाडस मला झालं नाही, म्हणून इथे सांगते. माझ्या जागृतीचा त्यात काही भाग नव्हता. देवक्कानंच मंजुळेला सांगितलं होतं, "तू बाहेर बसू नगो. तुजं तू करून खा. मी आता कुणाला वाडणार न्हाई." नारायणालासुद्धा ती ताट वाढत नाही. तोही आपलं घेतो आणि मुकाट्यानं जेवतो.

तिनं हे कधी ठरवलं ते मला माहीत आहे. त्याच दिवशी ठरवलं.

खोपीतून घरात आल्यावर तिनं कुणाकडे बघितलं नाही. सरळ चुलीपुढे बसली, जाळ केला, आधण ठेवलं. घरी पाहुणा आला की चहा ठेवायचा, एवढंच तिला माहीत. दूध नव्हतं, गुळाचा काळा चहा. कप भरून तिनं माझ्यापुढे आणून ठेवला. एवढ्या दिवसांनी त्या घरात तिच्या हातचं पहिल्यांदा कुणी घेणार होतं, आणि तो मान मला दिलेला होता. मंजुळा बघत होती, तिची आई बघत होती, नारायण बघत होता.

मी कप उचलला आणि पिण्याआधी आत बघितलं.

मी काही शोधत नव्हते. शपथेवर सांगते, नव्हते. मुरडशेंग मला कळली होती, आतडं कळलं होतं, तासभर त्याच अंगणात मी ते सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. तरी डोळे कपात गेले आणि जरा थांबले.

देवक्का अजून पुढ्यातच उभी होती. ती रागावली असती तर मी पाया पडले असते. ती रागावली नाही. आणखी गूळ घालू काय असं विचारावं तसं तिनं मला विचारलं, "सिस्टरक्का, आदी मी पिऊ काय?"